पाच विद्यार्थिनींचे विद्यापीठ : महर्षी धोंडो केशव कर्वे

आपल्या मंडळातील बहुतेक घरांत महर्षी कर्व्यांचे नाव ठाऊक आहे. विधवा-विवाह, हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यापीठ एवढे सगळ्यांना सांगता येते. माझे आयुष्य बँकेत गेले, त्यामुळे त्यांच्या चरित्रात मला जमाखर्चाची पाने आधी दिसतात. सरकारची मान्यता नाही, हाताशी भांडवल नाही, अशा स्थितीत या माणसाने मुलींसाठी विद्यापीठ काढले आणि त्याची पत टिकवून दाखवली. ते कसे जमले, हे आज सांगायचे आहे.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. बालपण मुरूडला गेले. घरची गरिबी होती आणि शिक्षणाची सोय जवळ नव्हती. इयत्ता सहावीच्या परीक्षेसाठी ते कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेले. तिथे वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसू दिले नाही आणि तसेच परतावे लागले. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ मध्ये गणित घेऊन ते बी. ए. झाले. १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले आणि १९१४ पर्यंत गणितच शिकवत राहिले. स्वभावाने भिडस्त, वक्तृत्व नाही, पण एकदा धरलेले काम सोडायचे नाही.

पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. दुसरे लग्न करायचे तर विधवेशीच, असे त्यांनी ठरवले. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी त्यांनी विवाह केला. याच पुढे आनंदीबाई, सर्वांच्या बाया. मुरूडकरांनी बहिष्कार घातला, आईवडिलांनाही त्याची झळ लागली. पण या अनुभवातून अण्णांना एक गोष्ट कळली. लग्न लावून एका विधवेचा प्रश्न सुटेल. ज्यांना लग्न करायचे नाही किंवा करता येत नाही, त्यांना स्वतःच्या पायावर उभे करायचे तर शिक्षण हवे.

१८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू झाला. थोड्याच वर्षांत रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि बांधकामासाठी ७५० रुपये दिले. त्यातून झोपडी उभी राहिली आणि १९०० मध्ये आश्रम तिथे गेला. कॉलेजातले तास संपले की अण्णा पायी हिंगण्याला जात. वाटेत चिखल, ओढे, पावसाळ्यात अंधार, पण त्यात खंड नाही. स्वतःची पाच हजारांची आयुर्विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमाच्या नावे केली. बायांना हे अजिबात पटले नव्हते. मुलाबाळांच्या घरात तेवढाच एक आधार होता. त्यांची बाजूही खरी होती, हे आपण विसरू नये. संस्थेचा खर्च अनेकदा घराच्या खात्यातून गेला आणि तो बायांनी सोसला.

१९०७ मध्ये कुमारिका व इतर मुलींसाठी महिला विद्यालय निघाले. विद्यापीठाची कल्पना मात्र १९१५ ची. त्या वर्षी मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद अण्णांकडे आले. भाषणाची तयारी करताना जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांनी वाचली. ती त्यांच्याकडे आधीच आलेली होती, पण बाजूला पडली होती. टोकियोचे ते विद्यापीठ १९०१ मध्ये सुरू झाले होते. तिथे जे होऊ शकले ते आपल्याकडेही होईल, असे त्यांना वाटले आणि भाषणात त्यांनी ती योजना मांडली.

जून १९१६ मध्ये भारतवर्षीय महिला विद्यापीठ स्थापन झाले. रामकृष्ण भांडारकर कुलपती झाले आणि रँग्लर परांजपे कुलगुरू. कॉलेजात विद्यार्थिनी अवघ्या पाच! वर्षाला ठराविक वर्गणी भरणारे लोक सिनेटवर आपले प्रतिनिधी निवडत. आपल्या सहकारी पतपेढीच्या सभासदांसारखीच ही व्यवस्था होती.

अभ्यासक्रमाचे सूत्र सरळ होते. शिकायचे मातृभाषेतून. इंग्रजी हा विषय सक्तीचा, पण माध्यम नाही. नेहमीच्या विषयांबरोबर गृहजीवनशास्त्र, आरोग्य, मानसशास्त्र यांना जागा. पदवीला नाव दिले गृहीतागमा, तिच्या पुढच्या पदवीला प्रदेयागमा. मराठीबरोबर गुजरातीतूनही शिकवले जाऊ लागले, त्यामुळे आपल्या गुजरातेतल्या मुलींनाही ही वाट खुली झाली.

टीका दोन्ही बाजूंनी झाली. जुन्या मंडळींना मुलींनी इतके शिकणेच नको होते. सुधारकांपैकी काहींना वाटे की वेगळा अभ्यासक्रम म्हणजे कमी दर्जाचा. मुलीला पुरुषांच्या बरोबरीने काम करायचे तर पदवीही तीच हवी, हा त्यांचा आक्षेप वजनदार होता. गृहशास्त्र मुलींनीच का शिकावे, हेही आज आपण विचारूच. अण्णांची भूमिका अशी की मुंबई विद्यापीठाचे दार बंद झालेले नाही, ज्यांना झेपेल त्यांनी तिथे जावे. पण परक्या भाषेच्या ओझ्याने ज्या हजारो मुली शाळेतच थांबतात, त्यांच्यासाठी दुसरे दार असावे.

खरी अडचण पतीची होती. सरकार ही पदवी मानत नव्हते, त्यामुळे तिच्या बळावर सरकारी नोकरीची खात्री नव्हती. अशा विद्यापीठाला पैसे कोण देणार? अण्णा गावोगाव फिरले. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आईच्या स्मरणार्थ १५ लाखांची देणगी देऊ केली. साडेतीन टक्क्यांनी वर्षाचे व्याज ५२,५०० रुपये. मुदलाला हात न लावता विद्यापीठ चालू लागले आणि त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळाले. पण अण्णा थांबले नाहीत. १९२९ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, ते युरोप, अमेरिका आणि जपानच्या दौऱ्यावर निघाले. ज्या टोकियोच्या विद्यापीठाविषयी वाचले होते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर आफ्रिकेत फिरून तिथल्या हिंदी लोकांकडूनही त्यांनी निधी आणला.

१९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्य कार्यालय मुंबईला गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अण्णांनी त्याच सुमारास, जिथे शाळाच नाही अशा खेड्यांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि १९४४ मध्ये जातिभेद मोडण्यासाठी समता संघ.

विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळाली १९५१ मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी. तोवर ज्या मुलींनी गृहीतागमा ही पदवी घेतली, त्यांनी ती अण्णांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या शब्दावर घेतली. १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, अण्णांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आपल्यापैकी कुणाच्या आजीने किंवा पणजीने ही पदवी घेतली असेल आणि घरात तिचे प्रमाणपत्र जपलेले असेल, तर मंडळाला जरूर कळवावे. अण्णांच्या नावाला भारतरत्न मिळाले, पण सरकारी शिक्का नसलेल्या पदवीवर विश्वास टाकणाऱ्या त्या मुलींची नावे आपल्याकडे कुठे लिहून ठेवलेली नाहीत.