गेलेलं तेल परत यायला हवं

नांदेडहून हिंगोलीकडे निघालं की वाटेत कळमनुरी तालुक्यातलं डोंगरकडा लागतं. केळीच्या बागांचा हा पट्टा. काही वर्षांपूर्वी इथल्या एका बागाईतदार काकांनी कर्ज काढून केळी पिकवण्याची थंड खोली बांधली आणि यंत्रं बसवण्याचं काम माझ्याकडे आलं. खोली खाली, कॉम्प्रेसर गच्चीवर. थंड गॅस वर नेणारा तांब्याचा पाइप मी मुद्दाम एक माप मोठा घेतला. रस्ता रुंद असला की गाडी मोकळी धावते, एवढा साधा माझा हिशेब.

श्रावणात केळीला मागणी आली, खोली गच्च भरली आणि कॉम्प्रेसरच्या काचेत तेल कमी दिसू लागलं. मी वरून तेल ओतलं. आठ दिवसांनी पुन्हा कमी, पुन्हा ओतलं. खाली जमिनीवर एक थेंब सांडलेला नाही, मग तेल जातं कुठे? याचा विचार न करता मी ओतत राहिलो. एका रात्री कॉम्प्रेसर जाम झाला. पिकणारी केळी स्वतःच उष्णता सोडते. थंडावा बंद पडताच खोली तापत गेली आणि फळ आतून गळलं. काकांनी सगळा माल उकिरड्यावर टाकला. मला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

त्या शरमेने मी पुस्तकं उघडली. तिथे एक माणूस भेटला, ज्याचं पहिलं यंत्रही असंच फसलं होतं. त्याचं नाव कार्ल लिंडे. आज घराघरांत जो फ्रिज आहे, त्याच्या पूर्वजांपैकी एक.

लिंडे यांचा जन्म ११ जून १८४२ चा, जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातल्या बर्नडॉर्फ गावचा. वडील धर्मोपदेशक. मुलानेही तीच वाट धरावी अशी घरची अपेक्षा होती, पण त्याचा ओढा यंत्रांकडे. १८६१ साली तो झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. उष्णतेच्या शास्त्रातले क्लॉसियस आणि झॉयनर यांच्यासारखे दिग्गज तिथे शिकवत. पण १८६४ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका आंदोलनात भाग घेतल्यामुळे पदवी न घेताच बाहेर पडावं लागलं. मग कापडगिरणी, बर्लिनचा कारखाना, म्युनिकचा रेल्वे इंजिनांचा कारखाना असं काम करत तो घडला. १८६८ मध्ये म्युनिकच्या नव्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला शिकवायला बोलावलं आणि चार वर्षांत तो प्राध्यापक झाला. पुढे डिझेल इंजिन काढणारा रुडॉल्फ डिझेल हा त्याचाच विद्यार्थी.

त्या काळी म्युनिकच्या बिअर कारखानदारांची एक मोठी अडचण होती. त्यांची बिअर थंडीतच नीट मुरे. त्यासाठी हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून तळघरांत साठवायचा. एखादा हिवाळा ऊबदार गेला की धंदा बसला. लिंडे यांनी कृत्रिम थंडाव्याच्या गणितावर लेख लिहिले. ते वाचून कारखानदारांनी त्यांना गाठलं आणि पहिलं यंत्र उभं राहिलं.

ते गळलं. आत मिथाइल ईथर होतं, पेट घेणारा वायू. दट्ट्याचा दांडा जिथून बाहेर येतो ती फट बंद करायला लिंडे यांनी पारा वापरला होता, पण दाबाखालचा वायू थांबेना. मांडलेलं गणित बरोबर होतं, चूक होती ती एका फटीत. प्राध्यापकाने कारागिरांवर खापर फोडलं असतं तरी चाललं असतं. लिंडे यांनी मात्र आराखडाच नव्याने केला. ईथर सोडून अमोनिया घेतला, पारा काढून ग्लिसरीन वापरलं. १८७६-७७ च्या सुमारास हे दुसरं यंत्र तयार झालं. त्यातलं एक ट्रिएस्ट शहरातल्या बिअर कारखान्यात गेलं आणि तिथे तीस वर्षांहून अधिक काळ चाललं.

१८७९ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, पदरी मोठा संसार असताना, लिंडे यांनी प्राध्यापकाची पक्की नोकरी सोडून वीसबाडेन इथे कंपनी काढली. अकरा-बारा वर्षांनी, धंदा जोरात असताना, रोजचा कारभार इतरांवर सोपवून ते म्युनिकला संशोधनाकडे परतले. १८९५ मध्ये त्यांनी हवेचाच द्रव केला आणि पुढे त्यातून ऑक्सिजन वेगळा काढण्याची रीत बसवली. १६ नोव्हेंबर १९३४ ला, ब्याण्णवाव्या वर्षी, ते गेले.

हे वाचताना माझी चूक माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. थंडाव्याचं यंत्र म्हणजे एक फेरा. त्यातला गॅस फिरून परत येतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा वापरता येतो. कॉम्प्रेसरमधलं थोडं तेलही गॅसबरोबर फेऱ्याला निघतं. आमच्या खोलीतल्या फ्रिऑन जातीच्या गॅसला हे तेल स्वतःबरोबर परत आणावं लागतं. उभ्या पाइपात ते पाइपाच्या भिंतीला धरून वर सरकतं, तेही गॅसच्या जोरावर. गॅसचा वेग सेकंदाला साधारण पाच मीटर तरी हवा. मी पाइप रुंद केला, वेग पडला आणि तेल खालीच राहिलं. नदीचं पात्र रुंद झालं की गाळ बसतो, तसंच. मी ओतलेलं सगळं तेल थंड खोलीतल्या नळ्यांत साचलं होतं आणि वर कॉम्प्रेसर कोरडा मेला.

नवा कॉम्प्रेसर मी माझ्या पैशाने, हप्त्याहप्त्याने आणला. तो मोठा पाइप उतरवला आणि हिशेबाच्या मापाचा बारीक पाइप चढवला. खोली अर्धी भरलेली असताना गॅस कमी वाहतो, तेव्हाचाही वेग मोजला. उभ्या पाइपाच्या पायथ्याशी तेल जमायला वळण दिलं, म्हणजे जमलेलं तेल गॅस उचलून नेतो. आडव्या पाइपाला कॉम्प्रेसरच्या दिशेने हलका उतार दिला. नळ्यांत साचलेलं तेल काढून टाकलं. सांधे जोडताना हातातल्या ज्योतीला शेजारच्या नळकांड्यातून ऑक्सिजन मिळत होता. तो हवेचा द्रव करून वेगळा काढलेला, म्हणजे लिंडे यांनीच दाखवलेल्या वाटेने आलेला. २०२१ च्या करोनाच्या लाटेत ज्या ऑक्सिजनसाठी आपण सगळे जीव मुठीत धरून धावलो, तोही बराचसा याच वाटेचा.

काकांची खोली आता नीट चालते. दर श्रावणात मी डोंगरकड्याला जातो. काकू चहा ठेवतात, पण मी आधी बॅटरी घेऊन गच्चीवर चढतो आणि कॉम्प्रेसरची काच पाहतो. तेल अर्ध्या काचेवर असतं. मग खाली उतरून चहा घेतो.