सोलापूरच्या वालचंदांच्या पहिल्या आगबोटीने नाव कमावलं, पण पैसा का नाही?

दरवर्षी ५ एप्रिलला देशात राष्ट्रीय सागरी दिन असतो. कारण १९१९ साली याच दिवशी ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन या स्वदेशी कंपनीची ही पहिली बोट. तिच्यामागे होते सोलापूरचे वालचंद हिराचंद. गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, आणि गडी निघाला जहाजाच्या धंद्यात!

वालचंद २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मले. घरची सावकारी आणि कापसाचा व्यापार, पण त्यात मन रमेना. मग लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत ते रेल्वे कंत्राटदार झाले. सुरुवात बार्शी लाइट रेल्वेच्या कामाने. या छोट्या गाडीत एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, हा दंडक. म्हणून हलके रूळ चालायचे आणि खर्च वाचायचा.

बोटीत मात्र वजनाचं गणित उलटं बसलं होतं. लॉयल्टी मूळची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. कॅनडियन पॅसिफिक कंपनीसाठी ती इंग्लंडमध्ये बांधली आणि १८९१ मध्ये पाण्यावर धावू लागली. टपाल वेळेत पोचायला हवं, म्हणून मोठी इंजिनं. श्रीमंत उतारूंसाठी थाटाच्या खोल्या. वर युद्ध झालंच तर तोफा बसवता याव्यात, ही सोय. दिसायला एखाद्या महाराजाच्या यॉटसारखी पांढरीशुभ्र.

आता बोट पाण्यात ठरावीक रेषेपर्यंतच बुडवता येते. तिचं स्वतःचं वजन वाढलं की भाड्याचा माल तेवढा कमी घ्यावा लागतो. वेगवान बोटीत तर प्रत्येक मागणी दोनदा नडते. वाढलेलं वजन त्याच वेगाने न्यायला जास्त ताकद लागते, ताकदीला कोळसा, आणि कोळसा म्हणजे पुन्हा वजनच.

पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती घेऊन तिचं इस्पितळ-जहाज केलं. युद्धानंतर वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि मंडळींनी ती घेतली, तेव्हा तिचं वय २८ वर्षं. दुसऱ्यांच्या हौशीचं ओझं यांच्या गळ्यात पडलं, दुसरं काय.

पण वालचंद तिथेच अडकले नाहीत. लंडनमध्ये त्यांनी आणखी सहा बोटी घेतल्या आणि कंपनीने तांदळासारख्या मालाच्या वाहतुकीवर जोर दिला. ब्रिटिश कंपनीने रंगून-मुंबई तांदळाचं टनामागचं भाडं १८ रुपयांवरून ६ वर आणलं, तरी सिंदिया बुडाली नाही. लॉयल्टी मात्र १९२३ मध्ये भंगारात गेली.

त्याच वर्षी ब्रिटिश कंपनीशी करार करावा लागला. १० वर्षं फक्त किनारी वाहतूक, ताफाही ७५ हजार टनांच्या आत. वालचंदांना तो सलत राहिला. आपल्या गरजेची बोट हवी तर ती आपणच बांधायला हवी, म्हणून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला गोदी उभी राहू लागली. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिथून ‘जलउषा’ पाण्यात उतरली. ८ हजार टनांची, मालासाठीच बांधलेली.