लोंगीची बदकं

इटालियन चित्रकार म्हटलं की आपली गाडी लिओनार्दोवर थांबते. आज जरा पुढच्या स्टेशनवर उतरू. पिएत्रो लोंगी हा व्हेनिसचा चित्रकार. जन्म १७०१ च्या सुमारासचा. वडील चांदीकाम करणारे, खरं आडनाव फाल्का. आधी बालेस्त्राकडे शिकला, मग बोलोन्यात क्रेस्पीकडे. हा क्रेस्पी भांडी घासणाऱ्या आणि अंगावरच्या पिसवा शोधणाऱ्या बायकांचीही चित्रं काढायचा!

१७३४ मध्ये लोंगीला मोठं काम मिळालं, साग्रेदो घराण्याच्या वाड्यातल्या जिन्याची भित्तिचित्रं. विषय राक्षसांचा पाडाव. ते काही त्याला जमलं नाही, असंच बहुतेक जाणकार म्हणतात. त्यात त्याच गावात तिएपोलोसारखा भित्तिचित्रांचा बादशहा बसलेला. मग गड्यानं सरळ ट्रॅक बदलला. दीड-दोन फुटांची छोटी चित्रं, विषय रोजचे: दात उपटणारा वैदू, नाचाची शिकवणी, सकाळचं चॉकलेट पिणारी मंडळी. १७५१ च्या कार्निव्हलमध्ये आलेला गेंडासुद्धा त्याने रंगवला. ही क्लारा नावाची गेंडीण मूळची आपल्याच बंगालकडची, १७४१ मध्ये एका डच कप्तानाने युरोपात नेलेली. चित्रात ती शांतपणे गवत खातेय, तिचं गळालेलं शिंग रखवालदाराच्या हातात!

पण मला आवडतं ते बदकांच्या शिकारीचं चित्र, १७६० च्या सुमाराचं. व्हेनिसभोवती उथळ खारं पाणी, आपल्या कोकणातल्या खाजणासारखं. तिथे शिकार हा उमरावांचा शौक. होडीत एक उमराव नटूनथटून उभा आहे आणि त्याने धनुष्य ताणलंय. बाण नाही बरं का, मातीची गोळी! म्हणजे आपली गलोलच की. बंदुका तेव्हा होत्याच, पण ही जुनी पद्धत थाटाची. बाकीचे होडी वल्हवतायत. गंमत म्हणजे लोंगीने त्यांना नुसतं भरतीला घातलेलं नाही. प्रत्येकाचा चेहरा वेगळा, राबलेला. उमरावापेक्षा आपली नजर त्यांच्यावरच जास्त रेंगाळते. चित्राचे पैसे उमरावांचे, हे लक्षात घ्या.

पुढे त्याने शिकारीची मालिकाच केली. जागांसाठी चिठ्ठ्या काढणं, बंदुका तयार करणं, पाण्यात रोवलेल्या पिंपात दबा धरून बसणं, शेवटी मारलेल्या पक्ष्यांची मोजदाद. मेसच्या हिशेबासारखं सगळं चोख! टिंगल कुठेच नाही, कौतुकही बेताचंच.

घरी मात्र अकरा मुलांपैकी तिघंच मोठी झाली. त्यातला आलेस्सांद्रो व्यक्तिचित्रकार म्हणून नावाजला. पिएत्रो १७८५ मध्ये गेला. बारा वर्षांनी, १७९७ मध्ये, नेपोलियनने व्हेनिसचं प्रजासत्ताकच संपवलं आणि उमरावांचा तो थाटही ओसरला. होडीतली ती मंडळी व्हेनिसच्या क्वेरिनी स्टाम्पालिया संग्रहालयात आहेत. गोळी अजून सुटलेली नाही.