विश्लेषण : ‘ली-मेटफर्ड’ रायफलीतून मेटफर्ड यांचे नाव का गेले?

‘थ्री नॉट थ्री’ रायफल भारतात कुणाला ठाऊक नाही? २६/११ च्या रात्री सीएसटी स्थानकावर पोलिसांच्या हातीही त्याच होत्या. या घराण्याची पहिली रायफल मात्र ली-एनफिल्ड नव्हे, तर १८८८ ची ली-मेटफर्ड. जुन्या रायफलींची गंजलेली नळी साफ करणाऱ्यांना आजही हे नाव विसरून चालत नाही.

मेटफर्ड कोण होते?

विल्यम एलिस मेटफर्ड यांचा जन्म १८२४ चा, इंग्लंडमधील टॉन्टन येथे एका डॉक्टरांच्या घरातला. शिक्षण रेल्वे अभियंत्याचे. सर्वेक्षणाच्या थिओडोलाइटमध्येही त्यांनी सुधारणा केली. पण जीव रमला बंदुकीत. एनफिल्ड रायफलीसाठी मागून पोकळ असलेली गोळी त्यांनी सुचवली. सरकारी बक्षीस मात्र ती प्रत्यक्षात आणणाऱ्या प्रिचेट यांना मिळाले.

मे १८५७ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेच्या नोकरीसाठी ते पत्नीसह बिहारमधील मुंगेरला पोहोचले. मेरठचा उठाव होऊन जेमतेम आठवडा झाला होता. पूल-रूळ राहिले बाजूला, मुंगेरच्या संरक्षणाची तयारी अंगावर आली. प्रकृती ढासळली आणि वर्षभरात ते मायदेशी परतले. (मुंगेर आजही बंदुकांसाठीच ओळखले जाते. ती परंपरा मीर कासिमच्या काळापासूनची मानतात, मेटफर्ड यांचा तिच्याशी संबंध नाही.)

त्यांनी नेमके काय केले?

तेव्हाची काळी दारू जळाली की निम्म्याहून अधिक भाग घन राख बनून उरत असे. ही काजळी हवेतला ओलावा ओढते, नळीत थर धरते आणि खाली गंज सुरू होतो. काडतुसाला चरबी लावत, तीही नळीत गोळी सहज सरकावी आणि काजळी मऊ राहावी म्हणूनच. त्या चरबीवरून १८५७ मध्ये काय घडले, ते सर्वज्ञात आहे.

गोळीला फिरकी देण्यासाठी नळीत नागमोडी खाचा असतात. त्या खोल आणि कोनदार असत, त्यामुळे कोपऱ्यांत काजळी अडकायची. मेटफर्ड यांनी खाचा उथळ आणि गोलसर केल्या, जोडीला शिशाची गोळी कठीण केली. कोपराच नाही, तर घाण बसणार कुठे? १८६५ पासून त्यांच्या रायफलींनी नेमबाजी स्पर्धा गाजवल्या. अखेर ब्रिटिश लष्कराने त्यांच्या सात खाचांची नळी आणि जेम्स पॅरिस ली यांची बोल्ट यंत्रणा एकत्र केली.

मग बिनसले कुठे?

दारू बदलली. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉर्डाइट ही जवळपास धूर न करणारी दारू आली. तिची काजळी नगण्य, पण उष्णता प्रचंड. उथळ खाचा भराभर झिजू लागल्या. ज्या शत्रूसाठी ही नळी घडवली तोच मैदानातून गेला होता. १८९५ मध्ये पाच खोल खाचांची नळी आली आणि रायफलीचे नाव झाले ली-एनफिल्ड. ऑक्टोबर १८९९ मध्ये, बोअर युद्ध सुरू झाले त्याच आठवड्यात, मेटफर्ड यांचे ब्रिस्टल येथे निधन झाले.

गंज मात्र गेला नाही. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या मिश्रणातून पोटॅशियम क्लोराइड उरायचे. हे मिठासारखेच क्षार, तेलात विरघळत नाही. म्हणून सैनिक नळीत उकळते पाणी ओतत आणि कोरडी करून तेल लावत.

आज अशी नळी कशी साफ करतात?

रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढतात आणि मागच्या बाजूने काम करतात. पातळ तेल रात्रभर मुरू देतात, मग कांस्याचा ब्रश आणि कापडाचे तुकडे, कापड स्वच्छ निघेपर्यंत. पॉलिश पेपर किंवा स्टीलचा कडक ब्रश वापरण्याची घाई महागात पडते. गंजाने पाडलेले खड्डे घासून भरत नाहीत आणि मेटफर्ड नळीत मुळातच उथळ खाच पुसली जाते.

त्यामुळे जाणकार आधी टॉर्च मारून खाचा मोजतात. अनेक ली-मेटफर्डना पुढे एनफिल्ड नळ्या बसवल्या गेल्या. आत सात गोलसर खाचा दिसल्या, तर ब्रश जपूनच फिरवला जातो.