पत्रातून आलेली किनाऱ्याची रेषा

समुद्रकाठी कारखाना, बंदर वा हॉटेल उभारायचे झाले की भरतीरेषेपासून अंतर मोजावे लागते. या दंडकाचे मूळ एका पत्रात आहे. ते पत्र लिहिणाऱ्या इंदिरा गांधी यांचे जीवन या अंगाने तपासणे आम्हाला अगत्याचे वाटते.

१९ नोव्हेंबर १९१७ रोजी अलाहाबादच्या नेहरू घराण्यात त्यांचा जन्म झाला. १९६६ मध्ये त्या पंतप्रधान झाल्या. १९७२ च्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेत, गरिबी हटवल्याशिवाय पर्यावरण राखता येणार नाही, ही गरीब देशांची बाजू त्यांनी ठामपणे मांडली.

त्याच इंदिरा गांधींनी १९७५ मध्ये आणीबाणी लादली. विरोधक तुरुंगात असताना १९७६ मध्ये ४२ वी घटनादुरुस्ती झाली. तिने न्यायालयांचे अधिकार छाटले; पण पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे आणि नागरिकांचे कर्तव्य म्हणून संविधानात आणले तेही तिनेच. ही दोन्ही सत्ये नाकारता येणार नाहीत.

१९७७ मध्ये मतदारांनी त्यांना घरी बसवले, १९८० मध्ये पुन्हा सत्तेवर आणले. नोव्हेंबर १९८१ मध्ये त्यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवण्यास बजावले. हेतू चांगला होता. परंतु पत्र म्हणजे कायदा नव्हे; ते मोडले म्हणून कोणाला न्यायालयात खेचता येत नाही.

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी त्यांची हत्या झाली. पुढे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना निघाली. त्यात तेच ५०० मीटर आले. पत्राला कायद्याचे बळ मिळाले.

मात्र रेषा आखताना कोळी बांधवांना कोणी विचारले? मुंबईचे कोळीवाडे नकाशावर दाखवण्याची तरतूद यायला २०११ साल उजाडले. २०१९ च्या अधिसूचनेने तर दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील ना-विकास क्षेत्र २०० मीटरवरून ५० मीटरवर आणण्याची वाट मोकळी केली.

आमचा उद्योगांना विरोध नाही. आमच्या पोरांनाही रोजगार हवा आहे. पण वरून आखलेली रेषा वरूनच पुसली जाते, हा या इतिहासाचा धडा आहे. म्हणून किनाऱ्यावरच्या बांधवांनी आराखडा आणि नकाशा मागून घ्यावा, जनसुनावणीत लेखी हरकत नोंदवावी आणि तिची पोच जपून ठेवावी. उद्या न्यायालयात तोच कागद बोलेल.