मोडीतल्या वस्तूंचा धनी

मांजरी-हडपसर परिसरातील नव्या सदनिकांत आधुनिक सोफ्याशेजारी पितळी समई, शिसवी पेटारा किंवा एखाद्या पडलेल्या वाड्याचा कोरीव दरवाजा मांडण्याची हौस अलीकडे दिसू लागली आहे. निरनिराळ्या काळांतील वस्तू एका छपराखाली नांदवण्याचा हा छंद पुण्याला नवा नाही. दिनकर गंगाधर ऊर्फ काकासाहेब केळकर यांनी तो आयुष्यभर जोपासला. तोही अशा काळात, जेव्हा या वस्तूंना मोडीपलीकडे किंमत नव्हती.

१० जानेवारी १८९६ रोजी जन्मलेले केळकर व्यवसायाने चष्मेवाले आणि वृत्तीने कवी. ‘अज्ञातवासी’ या नावाने त्यांनी कविता लिहिली. इतिहासाच्या ओढीतून १९२०च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवण्यास आरंभ केला. राजेरजवाड्यांची शस्त्रे आणि रत्ने यांच्यापेक्षा त्यांना अधिक मोह पडला तो संसारातल्या वस्तूंचा. अडकित्ते, पानदाने, दिवे, दौती, वज्री, खेळणी, वाद्ये, स्वयंपाकाची भांडी आणि नक्षीदार दारे-खिडक्या त्यांनी गोळा केल्या. नाव नसलेल्या कारागिराने अडकित्त्यासारख्या क्षुल्लक वस्तूलाही मोराचा किंवा घोड्याचा आकार का दिला असेल, हे कुतूहल कवीलाच सुचावे.

एका मध्यमवर्गीय माणसाने स्वतःच्या कमाईतून चालवलेला हा उद्योग होता. साहजिकच त्याची झळ घराला बसली. पत्नी कमलाबाईंनी या वेडाला साथ दिली नसती, तर तो कधीच आटोपता आला असता. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्यानंतर काकासाहेबांनी आपल्या संग्रहाला त्याचेच नाव दिले. पुण्यात ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ म्हणताना, यातील ‘राजा’ ही पदवी नसून एका मुलाचे नाव आहे, हे अनेकांच्या ध्यानातही येत नाही.

१९६० पर्यंत संग्रहात सुमारे १५ हजार वस्तू झाल्या. १९६२ मध्ये संग्रहालयाची रीतसर स्थापना झाली आणि १९७५ मध्ये काकासाहेबांनी तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला. आयुष्यभराचे संचित असे हातावेगळे करणे सोपे नसते. वारसांत वाटणी होऊन विखुरलेले संग्रह मात्र आपल्याकडे उदंड आहेत.

कोथरूड येथील मस्तानी महाल हा त्यांच्या जिद्दीचा सर्वांत मोठा पुरावा. पहिल्या बाजीरावांनी मस्तानीसाठी १७३४ मध्ये बांधलेल्या या वास्तूचे अवशेष त्यांनी आणवले आणि संग्रहालयात तिची पुन्हा उभारणी केली. मूळ जागेवरून हलवलेली वास्तू अस्सल म्हणावी काय, अशी शंका अभ्यासक घेऊ शकतात. पण कोथरूडची आजची दाट वस्ती पाहिली, की जागच्या जागी तिचे काय उरले असते, याचा अंदाज येतो.

बाजीराव रस्त्यालगतच्या या संग्रहालयात आज २० हजारांहून अधिक वस्तू असून त्यांपैकी सुमारे अडीच हजारच मांडता येतात. दालनांत थोडी दाटी जाणवते. शिस्तशीर कालक्रमापेक्षा भरल्या घरातली गर्दी तिथे अधिक आहे. गुजरातचा कोरीव झरोका आणि दक्षिणेतला दिवा या घरी एकमेकांना परके वाटत नाहीत. १९९० मध्ये काकासाहेबांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या वयाची ९४ वर्षे पूर्ण झाली होती.