हिरव्या पानाचे अभ्यासक : यान इंगेनहाउस

यान इंगेनहाउस यांचा जन्म नेदरलँड्समधील ब्रेडा या गांवीं १७३० सालीं झाला. ते व्यवसायानें वैद्य होते. १७६८ सालीं व्हिएन्नाच्या राजकुटुंबास देवी टोंचून त्यांनीं राजवैद्याचें पद मिळविलें. तथापि केवळ या मानांत त्यांची जिज्ञासा रमली नाहीं.

१७७९ च्या उन्हाळ्यांत लंडनजवळ राहून त्यांनीं पांचशेंहून अधिक प्रयोग केले. पाण्यांत बुडविलेल्या हिरव्या पानांतून उन्हांत प्राणवायूचे बुडबुडे निघत. अंधारांत ते थांबत. मुळें व फुलें मात्र उन्हांतहि हवा शुद्ध करीत नसत. हें सामर्थ्य हिरव्या भागांचेंच असून त्यास सूर्यप्रकाश लागतो, असें त्यांनीं त्याच वर्षीं ग्रंथ लिहून दाखवून दिलें.

या हिरव्या रंगास आपण हरितद्रव्य म्हणतों. तांबड्या पानांतहि बहुधा तें झांकलेलें असतें, म्हणून तींहि अन्न तयार करितात. पान पिवळें पडून हरितद्रव्य घटलें कीं हें कार्य मंदावतें. पानाच्या पांढऱ्या भागांत तर तें होतच नाहीं.

१७९९ सालीं इंग्लंडांत त्यांचें निधन झालें. विद्यार्थिमित्रांनो, त्यांचें राजवैद्यपद आज थोड्यांनाच ठाऊक आहे. परंतु साध्या पानाकडे चिकाटीनें पाहून त्यांनीं मिळविलेलें ज्ञान शाळाशाळांतून शिकविलें जातें.